एका वायरची दोन कामे

छाती न उघडता, जांघेतल्या धमनीतून नळी वर नेऊन महाधमनीची निकामी झालेली झडप बदलायची, या उपचाराला टाव्ही म्हणतात. त्याचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखन झडपेभोवतीच फिरते: ती कोणी कल्पिली, कशाची बनवली, पहिली कोणाला बसवली. झडप हा या गोष्टीचा गाभा आहे, तेव्हा हे साहजिकच आहे. पण झडप जागेवर बसते त्या दहा-पंधरा सेकंदांत सगळी भिस्त असते ती हृदयाला बाहेरून ठोके देणाऱ्या तात्पुरत्या वायरवर. आपल्याकडच्या कॅथलॅबमध्ये तिला टीपीआय म्हणतात आणि ती टाकणे हे तयारीतले किरकोळ काम समजले जाते. या किरकोळ समजल्या गेलेल्या वायरकडे दोन अगदी उलटी कामे आहेत. हृदय थांबले तर ते चालवायचे, आणि धडधाकट चालणारे हृदय काही क्षण निष्प्रभ करायचे. पहिले काम जुने, दुसरे त्यामानाने अलीकडचे. दुसऱ्या कामासाठी पहिल्या कामाचे साहित्य उचलले गेले, आणि त्याबरोबर त्याच्या सवयीही आल्या. या सवयींची किंमत अनेक वर्षे रुग्ण मोजत आले. म्हणून या क्षेत्रातली खरी सुधारणा नवनव्या वायरी बाजारात येण्यापेक्षा ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी ओळखण्यात आहे, असे माझे मत आहे.

पहिल्या कामाची सुरुवात जीव वाचवण्याच्या धडपडीतून झाली. १९५२ साली बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात पॉल झोल यांनी छातीवरून विजेचे झटके देऊन, ठोके थांबत चाललेल्या एका रुग्णाला दोन दिवसांहून अधिक काळ जगवले. त्याला हार्ट ब्लॉक होता. इथे ब्लॉक म्हणजे रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे; हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारा विजेचा संदेश तुटणे. झोल यांची रीत परिणामकारक होती, पण झटका कातडी आणि छातीच्या स्नायूंतून जाई. वेदना असह्य होत, कातडी भाजे. मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयाच्या पडद्यातली छिद्रे शिवत, तेव्हा काही मुलांत टाक्यांमुळे नेमका हाच ब्लॉक होई. जानेवारी १९५७मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळीच हृदयाच्या स्नायूत एक वायर अडकवून तिचे दुसरे टोक छातीबाहेर आणले. आता अगदी थोडी वीज पुरू लागली. यंत्र मात्र भिंतीतल्या प्लगवर चाले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मिनियापोलिसची वीज गेली आणि या व्यवस्थेतला धोका उघड झाला. पुढच्या काही आठवड्यांत अर्ल बॅकन या तंत्रज्ञाने बॅटरीवर चालणारा, अंगावर बांधता येणारा छोटा पेसमेकर तयार केला. बॅकन यांची गॅरेजमध्ये सुरू झालेली कंपनी म्हणजे मेडट्रॉनिक.

यानंतरचे पाऊल आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. शिरेतून हृदयापर्यंत नळी नेता येते, हे जर्मनीच्या वेर्नर फोर्समान यांनी १९२९ साली स्वतःच्याच दंडातून नळी घालून दाखवले होते. १९५८ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात सेमूर फर्मन यांनी त्याच वाटेने वायर उजव्या खालच्या कप्प्यात नेली आणि आतल्या बाजूने हृदयाला ठोके दिले. त्यांच्या एका रुग्णाचे हृदय या वायरवर ९६ दिवस चालले. चाके लावलेल्या गाड्यावर यंत्र आणि मागे लांबलचक वायर, अशा अवस्थेत तो रुग्णालयात चालतफिरत होता. छाती उघडायची नाही, कातडी भाजायची नाही, वीजही थोडी लागते. त्यामुळे शिरेतून उजव्या कप्प्याच्या टोकापर्यंतची ही वाट जगभर रूढ झाली. इतकी रूढ झाली की पुढे कॅथलॅबमध्ये कुठल्याही कारणाने हृदयाला बाहेरून ठोके द्यायची वेळ आली, की हात आपोआप याच वाटेकडे वळू लागले. एका रीतीच्या यशातून आलेली ही सवय इथे लक्षात ठेवायला हवी.

आता दुसऱ्या कामाच्या उगमाकडे, फ्रान्समध्ये जाऊ. रुआँच्या रुग्णालयात अ‍ॅलॅं क्रिबिए यांनी सप्टेंबर १९८५मध्ये शस्त्रक्रियेला अपात्र ठरलेल्या एका वृद्ध बाईंच्या महाधमनीच्या आकसलेल्या झडपेत फुगा फुगवून ती मोकळी केली. काही महिन्यांत झडप पुन्हा आकसते, हा या उपचाराचा मोठा दोष लवकरच ध्यानात आला. त्यातूनच फुग्यावर धातूची जाळी आणि जाळीत झडप, ही कल्पना पुढे आली. डेन्मार्कच्या हेनिंग रूड आन्नसन यांनी मे १९८९मध्ये डुकरात अशी झडप बसवली होती. माणसात ती पहिल्यांदा बसवली क्रिबिए यांनीच, १६ एप्रिल २००२ रोजी रुआँमध्ये. तो ५७ वर्षांचा रुग्ण मरणपंथाला लागलेला होता, त्याच्या हृदयातून रक्त बाहेर पडण्याचा जोर अत्यंत क्षीण झाला होता. टाव्हीचे वय या तारखेपासून मोजतात, आणि ते योग्यच आहे. पुढे हृदयाला जोर असलेल्या रुग्णांत हेच काम करायचे ठरले, तेव्हा मात्र फुग्याच्या काळापासूनची एक अडचण फार मोठी झाली.

ती अडचण अशी. डावा खालचा कप्पा दर ठोक्याला महाधमनीत रक्त फेकतो. आकसलेल्या झडपेतून तो झोत आणखी जोराने येतो. त्या झोताच्या तोंडाशी फुगा फुगवला की रक्त त्याला पुढे लोटते. नुसता फुगा घसरला तर पुन्हा मागे ओढता येतो. फुग्यावर झडप असेल तर मात्र दुसरी संधी जवळजवळ नसते. काही मिलिमीटर वर-खाली झाले तरी झडप महाधमनीत निसटू शकते किंवा कप्प्यात खाली रुतू शकते. मोठ्या माणसांच्या महाधमनीत अस्तराच्या नळ्या बसवणाऱ्यांना १९९०च्या दशकात अशीच अडचण आली होती. त्यांनी अ‍ॅडेनोसिन हे औषध टोचून हृदय काही सेकंद थांबवून पाहिले. पण ते किती सेकंद थांबेल, हे नेमके सांगता येत नसे. मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ जन्मजात आकसलेल्या झडपांत फुगे फुगवत होते, त्यांनाही घसरणारा फुगा सतावत होता. लाइप्झिगच्या डॉक्टरांनी २००४च्या सुमारास अ‍ॅडेनोसिनला पर्याय म्हणून अतिवेगाने ठोके देण्याची रीत मांडली. व्हँकुव्हरचे जॉन वेब यांनी टाव्हीसाठी ती पद्धतशीर बसवून २००६ साली प्रसिद्ध केली. हृदयाला मिनिटाला १८० ते २२० वेगाने ठोके दिले की दोन ठोक्यांच्या मध्ये कप्पा भरायलाच वेळ मिळत नाही. तो आकुंचन पावतो, पण बाहेर फेकायला त्याच्यात रक्त नसते. वरचा रक्तदाब ५०-६०च्या खाली येतो, झोत थांबतो, फुगा जागेवर राहतो. ठोके देणे बंद केले की दाब पुन्हा चढतो. औषधात नसलेला चालू-बंदचा काटेकोरपणा यात मिळाला.

हे किती नाजूक आहे ते कॅथलॅबमधला एक मिनिट पाहिला की कळते. नवी झडप आकसलेल्या झडपेच्या आरपार आलेली असते, तिच्या धातूच्या जाळीची दोन्ही टोके पडद्यावर स्पष्ट दिसतात. पेसमेकरच्या डबीवर एकाचा अंगठा तयार, फुग्याच्या सिरिंजवर दुसऱ्याचा. मुख्य डॉक्टर म्हणतात, ‘पेसिंग ऑन.’ मॉनिटरवर ईसीजीच्या लाटा रुंद आणि एकसारख्या होतात, दाबाची रेघ उतरत सपाट होत जाते. कोणीतरी आकडा मोठ्याने वाचते. थोडा डाय सोडून जागा पुन्हा एकदा पाहिली जाते आणि मगच फुगा सावकाश फुगतो, थांबतो, रिकामा होतो. फुगा पूर्ण रिकामा होईपर्यंत पेसिंग बंद करायचे नसते. मध्येच वायरचा हृदयाशी संपर्क सुटला, एकच ठोका नैसर्गिक पडला, तर भरलेला कप्पा सारे बळ एकवटून अर्धवट बसलेल्या झडपेवर रक्त फेकतो. म्हणून खरे काम सुरू करण्यापूर्वी वायर ठोके घेते आहे ना, हे आधी तपासून ठेवतात. आणि हे अतिवेगाचे पेसिंग जितके कमी वेळा, जितके थोडे करता येईल तितके बरे. आकसलेल्या झडपेशी वर्षानुवर्षे झुंजून ज्याच्या भिंती जाड झाल्या आहेत, अशा हृदयाला स्वतःचे रक्त मिळते ते दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. अतिवेगाच्या पेसिंगमध्ये विसावाही जातो आणि दाबही. वारंवार असे केले की दाब लवकर सावरत नाही, मूत्रपिंडांनाही त्रास पोहोचतो.

या नव्या कामासाठी वायर कोणती वापरली? फर्मन यांच्या वाटेचीच. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेत आणखी एक छेद, तिथून उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी टेकवलेली वायर. टाव्हीच्या सुरुवातीच्या रुग्णांचे वय साधारण ऐंशीच्या पुढे असे. २०१०च्या पार्टनर चाचणीत शस्त्रक्रियेला अपात्र ठरलेल्यांपैकी टाव्ही न मिळालेले निम्मे रुग्ण वर्षभरात दगावले, टाव्ही मिळालेल्यांत हे प्रमाण ३०.७ टक्के होते. एवढा मोठा लाभ समोर असताना एका जास्तीच्या छेदाचा विचार कोण करणार? पण उजव्या कप्प्याची भिंत डाव्याच्या मानाने पातळ असते, म्हातारपणी आणखी मऊ होते, आणि तात्पुरत्या वायरचे टोक ताठ असते. रक्त पातळ करणारे हेपॅरिन शरीरात असताना ते टोक भिंतीतून आरपार गेले, तर हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचून हृदयच आवळले जाते. कधी हे टेबलावर लक्षात येते, कधी वॉर्डात काही तासांनी. टाव्हीनंतरच्या या प्राणघातक गुंतागुंतीच्या कारणांत पेसिंगच्या वायरचे नाव सतत येत राहिले. झडप नीट बसली आणि रुग्ण वायरने गेला, हे ज्या उपचारात घडू शकते, तिथे ती वायर प्रत्येकालाच का हवी, हा प्रश्न आधीच पडायला हवा होता.

तो पडण्याची सामग्रीही केव्हाच तयार होती. बर्नहार्ड माइयर हे नाव अँजिओप्लास्टीच्या इतिहासात येते ते आंद्रेआस ग्रुंट्झिश यांच्या १९७७च्या पहिल्या रुग्णाच्या संदर्भात. त्याच माइयर यांनी १९८५ साली जिनिव्हात दाखवून दिले की कॉरोनरी धमनीत घातलेल्या, नळीला वाट दाखवणाऱ्या गाइडवायरनेच हृदयाला ठोके देता येतात. वेगळी वायर लागत नाही. अँकाराच्या बालहृदयतज्ज्ञांनी २००८ साली आणि बर्नमध्ये माइयर यांच्या गटाने २००९ साली तीच युक्ती महाधमनीच्या झडपेतल्या फुग्यासाठी वापरली. पुढे ग्रेनोबलच्या बेन्जामॅं फोरी यांनी ती टाव्हीत आणली. युक्ती साधी आहे. झडप वर नेण्यासाठी डाव्या कप्प्यात एक जाड, ताठ गाइडवायर गेलेलीच असते, तिचे वळवलेले टोक कप्प्याच्या आत भिंतीला टेकलेले असते. तिच्या शरीराबाहेरच्या टोकाला दातेरी चिमटा लावून पेसमेकरचे ऋण टोक जोडायचे, आणि जांघेच्या कातडीखाली एक सुई टोचून तिला धन टोक. वायरवरून सरकणारी फुग्याची नळीच तिच्यावर प्लॅस्टिकच्या वेष्टणाचे काम करते, त्यामुळे वीज वाटेत रक्तात न सांडता टोकापर्यंत पोहोचते. मे २०१७ ते मे २०१८ या काळात फ्रान्समध्ये ३०७ रुग्णांवर याची रीतसर तुलना झाली. ठोके घेण्याची परिणामकारकता डाव्या वायरने ८४.९ टक्के, उजव्या वायरने ८७.१ टक्के, म्हणजे सारखीच. सरासरी वेळ ५५.६ मिनिटांवरून ४८.४ मिनिटांवर आली आणि खर्च सुमारे ६३० युरोंनी कमी झाला.

यावर पहिला आक्षेप असा की सात मिनिटे वाचली म्हणून एवढे काय? आक्षेप बरोबर आहे. सात मिनिटांसाठी कोणीही रूढ रीत सोडू नये. माझ्या दृष्टीने या चाचणीतला महत्त्वाचा निष्कर्ष वेळेचा नाही. क्षणभर झोत थांबवण्याचे काम उजव्या कप्प्याला हात न लावताही तितकेच चांगले होते, हे तिने सिद्ध केले. भिंत फाटण्यासारखी क्वचितची दुर्घटना ३०७ रुग्णांत मोजून निकाल लावता येत नाही, हेही कबूल करायला हवे. पण जी वायर उजव्या कप्प्यात गेलीच नाही ती त्याची भिंत फाडू शकत नाही, आणि जो छेद घेतलाच नाही त्यातून रक्त वाहत नाही. एवढ्यासाठी मोठ्या आकड्यांची वाट पाहण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. झडप बसली की गाइडवायर काढून घेतात आणि तिच्याबरोबर ठोके देण्याची सोयही जाते. धोका मात्र त्याच क्षणी संपत नाही. विजेचा संदेश खाली नेणारे हिस बंडल महाधमनीच्या झडपेच्या अगदी खालून, एका पातळ पडद्यातून जाते. नव्या झडपेची धातूची जाळी तिथेच दाबते. सूज चढून ब्लॉक काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येऊ शकतो. झडपेच्या प्रकाराप्रमाणे हे प्रमाण बदलते. २०१९ साली कमी जोखमीच्या रुग्णांवरच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. फुग्याने उलगडणाऱ्या सॅपियन झडपेनंतर महिन्याभरात ६.५ टक्के रुग्णांना कायमचा पेसमेकर लागला, स्वतःहून उलगडणाऱ्या इव्होल्यूट झडपेनंतर १७.४ टक्के रुग्णांना.  स्वतःहून उलगडणाऱ्या झडपेला अतिवेगाच्या पेसिंगची गरज सहसा नसते, मिनिटाला १०० ते १२० ठोके पुरतात. पण जीव वाचवणाऱ्या वायरची गरज तिथेच अधिक पडते. शिवाय फ्रान्सची चाचणी फुग्याने उलगडणाऱ्या झडपेवर झाली होती. तिचा निष्कर्ष जसाच्या तसा दुसऱ्या झडपेला लावणे चुकीचे ठरेल.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि तो माझ्या मुद्द्याला बळच देतो. झोत थांबवणे हे काम प्रत्येक फुग्याच्या वेळी आणि काही सेकंदांपुरते लागते. ठोके सांभाळणे हे काम काही रुग्णांनाच, पण कित्येक तास किंवा दिवस लागते. गरज इतकी वेगळी असताना दोन्हींसाठी एकच वायर, एकच वाट, सर्वांना सरसकट, हा हिशेब कुठल्याच बाजूने बसत नाही. ज्यांच्या ईसीजीत आधीपासून हिस बंडलच्या उजव्या शाखेचा ब्लॉक आहे, त्यांची डावी शाखा झडपेने दाबली की संदेशाची दुसरी वाटच उरत नाही. त्यांना वायर हवीच, आणि निदान पहिली रात्र ती राहू द्यावी. पण अशा वेळी ताठ टोकाची तात्पुरती वायर मांडीतून घालून रुग्णाला अंथरुणाला खिळवून ठेवण्यापेक्षा मानेच्या शिरेतून स्क्रूने पक्की बसणारी वायर घालणे चांगले. त्याने रुग्ण उठून बसतो, चालतो, आणि वायर हलण्याची भीतीही कमी होते. जिथे ईसीजी आधी आणि नंतर स्वच्छ आहे, तिथे डावी गाइडवायर काम करून बाहेर आली की पुरे.

यात एक तिसरे कामही अलीकडे पुढे आले आहे. क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी २०२० साली २८४ रुग्णांचा अनुभव मांडला. झडप बसल्यावर उजव्या बाजूची वायर वरच्या कप्प्यात ओढून घेऊन तिथून वाढत्या वेगाने, मिनिटाला १२०पर्यंत, ठोके दिले आणि संदेश खाली पोहोचतो की गळतो ते पाहिले. ज्यांच्यात गळती दिसली त्यांच्यापैकी १३.१ टक्के रुग्णांना महिन्याभरात कायमचा पेसमेकर लागला. गळती न दिसलेल्यांत हे प्रमाण फक्त १.३ टक्के होते. डाव्या गाइडवायरने ही परीक्षा घेता येत नाही, त्यासाठी शिरेची वाट हवी. शिरेच्या वायरच्या बाजूचा हा सगळ्यांत चांगला युक्तिवाद आहे. तरीही तो ‘सर्वांना घाला’ असे सांगत नाही. शंका असेल तिथे घाला, परीक्षा घ्या आणि उत्तर मिळाले की लवकर काढा, असे सांगतो.

आता हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. वापीच्या मेरिल कंपनीच्या मायव्हॉल झडपेला भारतात २०१८ साली मंजुरी मिळाली. ती फुग्यानेच उलगडते, म्हणजे अतिवेगाचे पेसिंग तिच्याबरोबर आलेच. उपचाराचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या कुवतीबाहेरचा आहे. एक छेद, एक वायर, अतिदक्षता विभागातली एक रात्र कमी झाली तर तेवढा भार हलका होतो; आणि गरज असताना ती रात्र वाचवली तर जिवावर बेतते. घरातल्या वडीलधाऱ्यांना टाव्ही सुचवली असेल तर झडप कोणत्या कंपनीची, एवढेच विचारून थांबू नका. त्यांच्या ईसीजीत आधीपासून ब्लॉक आहे का, तात्पुरती वायर कोणत्या बाजूने आणि कोणत्या कामासाठी घालणार, ती किती वेळ राहणार आणि काढायचे कशावरून ठरवणार, हेही डॉक्टरांना विचारा.